बेगोनियाचे शेजारी

बेगोनियाच्या जवळ कोणती झाडे लावावीत, हा प्रश्न बागकामाच्या पुस्तकांतून बहुधा रंगसंगतीच्या प्रकरणात येतो. गुलाबी फुलांपुढे पांढरी किनार, तांबूस पानांमागे रुपेरी पाने, अशा प्रकारची उत्तरे तेथे दिलेली असतात. ज्या देशांत ही पुस्तके प्रथम लिहिली गेली तेथे उन्हाळा सौम्य असतो, पाऊस अधूनमधून वर्षभर पडतो, आणि बेगोनियाला जगविणे ही बाब गृहीत धरलेली असते. झाशीत तसे काहीच गृहीत धरता येत नाही. रेल्वेच्या परिसरालगतच्या प्रेमनगरसारख्या वस्तीत नोव्हेंबरमध्ये हौसेने आणलेली बेगोनियाची रोपे मार्चअखेरपर्यंत भरभरून फुलतात, एप्रिलमध्ये त्यांची पाने कडेने करपू लागतात आणि मेच्या मध्यास कुंडीत एक मऊ, काळे पडलेले खोड तेवढे उरते. लोक मानतात की हे झाड एका हंगामाचेच आहे. वस्तुतः ते तसे नाही. बेगोनिया ही बहुवर्षायू वनस्पती आहे. तिला एका हंगामापुरते करून टाकते ती तिच्याभोवतीची परिस्थिती, आणि ह्या परिस्थितीचा मोठा भाग म्हणजे तिच्या शेजारी काय लावले आहे, किंवा काहीच लावलेले नाही, हा होय. म्हणून प्रस्तुत व्याख्यानात शेजाऱ्यांचा विचार प्रथम पाणी व सावली ह्या दृष्टीने केला आहे. रंगाचा विचार त्यानंतर येतो, आणि तो तुलनेने सोपा आहे.

प्रथम ह्या वनस्पतीची थोडी ओळख. शार्ल प्ल्युमिए ह्या फ्रेंच संन्यासी वनस्पतिशास्त्रज्ञाने सतराव्या शतकाच्या अखेरीस वेस्ट इंडीज बेटांवर ह्या वनस्पती पाहिल्या आणि मिशेल बेगों ह्या फ्रेंच अधिकाऱ्याच्या सन्मानार्थ त्यांना हे नाव दिले. लिनियसने १७५३ मध्ये ते कायम केले. आज बेगोनियाच्या दोन हजारांहून अधिक जाती ज्ञात असून त्या आफ्रिका, आशिया आणि मध्य व दक्षिण अमेरिका येथील उष्ण व समशीतोष्ण पट्ट्यांत पसरलेल्या आहेत. पानाच्या मध्यशिरेच्या दोन्ही बाजू असमान असणे ही त्यांची सर्वांत सोपी खूण. एकाच झाडावर नरफुले व मादीफुले वेगवेगळी येतात. मादीफुलामागे तीन पंखांचे बीजकोश दिसते. बी इतके सूक्ष्म असते की मेणबेगोनियाच्या एका ग्रॅम बियांत साधारण सत्तर हजार दाणे भरतात. पाने चवीला आंबट असतात, कारण त्यांत ऑक्झॅलिक आम्ल असते. हिमालयात व ईशान्य भारतात काही रानटी जातींचे देठ चटणीसाठी वापरतात, पण बागेतील संकरित झाडांवर हा प्रयोग करण्याचे कारण नाही.

बागेतील बेगोनियाची तीन मोठी घराणी आहेत. कंदबेगोनिया हे त्यांतील सर्वांत देखणे. १८६० च्या दशकात रिचर्ड पीअर्स याने अँडीज पर्वतातून इंग्लंडमधील व्हीच रोपवाटिकेसाठी ज्या जाती आणल्या, त्यांच्या संकरातून हे घराणे निर्माण झाले. त्याला थंड उन्हाळा लागतो. दार्जिलिंग, सिमला, उटी येथे ते शोभते. झाशीत त्याचा नाद सोडावा हे उत्तम. दुसरे घराणे पानांसाठी वाढविल्या जाणाऱ्या रेक्स बेगोनियाचे. ह्याची मूळ जाती आसामची. आमरींबरोबर ती युरोपात पोहोचली आणि १८५७ मध्ये पुत्झेस याने तिला शास्त्रीय नाव दिले. भारतातील वनस्पती बेल्जियम-इंग्लंडची वारी करून, नाना रंगांच्या पानांची होऊन पुन्हा भारतातील रोपवाटिकांत आली, असा हा प्रवास आहे. तिसरे घराणे मेणबेगोनियाचे. ब्राझील व आसपासच्या देशांतील बेगोनिया कुकुलाटा ही त्याची प्रमुख पूर्वज. मांसल खोड, मेणाचा हात दिल्यासारखी चकचकीत पाने, तंतुमय मुळे आणि अनुकूल काळात न थांबता येणारी फुले ही त्याची लक्षणे. प्रेमनगरात नोव्हेंबरमध्ये जे विकत आणले जाते ते हेच, आणि पुढील विवेचन मुख्यतः ह्याच्याविषयी आहे.

परंतु त्यापूर्वी सह्याद्रीकडे एकवार पाहणे आवश्यक आहे. मराठी वाचकाला बेगोनिया परकी वाटत असली तरी ती महाराष्ट्राच्या डोंगरांत रानटी स्थितीत वाढते. हूकरच्या ब्रिटिश भारताच्या वनस्पतिसंग्रहात बेगोनिया कुलाचा भाग सी. बी. क्लार्क याने लिहिला. तो १८७९ च्या खंडात आहे, आणि त्यात कोकण व सह्याद्रीतील जातींची नोंद आहे. त्यांपैकी एकीच्या नावातच कोकण आहे: बेगोनिया कोंकानेन्सिस. सर्वांत सहज दिसणारी जाती म्हणजे बेगोनिया क्रेनाटा. जून सरला की किल्ल्यांच्या तटबंदीतील फटींत, झिरपत्या कातळांवर, कधी झाडाच्या शेवाळलेल्या बुंध्यावर तिची वीतभर उंचीची रोपे दिसू लागतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यांवर फिकट गुलाबी फुले येतात. पाऊस संपला की वरचा भाग वाळून जातो आणि लहानसा कंद फटीत झोपी जातो.

ह्या रानटी बेगोनियाच्या सोबतीला कोण असते, हे पाहण्यासारखे आहे. पायाखाली शेवाळाचा ओला गालिचा असतो. बाजूला हंसराजासारखे नाजूक नेचे असतात. कातळाला चिकटून वाढणारा बिनखोडाचा तेरडा, सोनेरिलाची गुलाबी फुले, असा हा लहान उंचीचा मेळा असतो. ह्यांपैकी कोणाचीही मुळे खोल जात नाहीत, कारण खाली बोटभर मातीपलीकडे खडकच असतो. कोणी कोणाला झाकून टाकीत नाही. पाणी अखंड वाहते, पण साचत कोठेच नाही. शेवाळ ते स्पंजासारखे धरते आणि मुळांना हळूहळू देते. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की ह्या सगळ्यांचे वेळापत्रक एक आहे. सगळी पावसाबरोबर येतात आणि पावसाबरोबर जातात. (ह्या रानटी रोपांना उपटून घरी आणण्याचा मोह टाळावा. झाशीच्या कुंडीत ती जगणार नाहीत, आणि तटबंदीतील ज्या फटीतून ती काढली जातात तेथे पुन्हा माती साठण्यास अनेक वर्षे लागतात.)

मेणबेगोनियाची अडचण येथेच आहे. उथळ मुळे, निचऱ्याची निकड, सावलीची आवड हे सर्व गुण तिच्यात आहेत. पण तिला कंद नाही. क्रेनाटा वाईट दिवस जमिनीत झोपून काढते. मेणबेगोनियाला ते जागेपणी सोसावे लागतात. म्हणून तिला समान वेळापत्रकाचा सोबती पुरत नाही. ती दुर्बळ होईल त्या महिन्यांत जो बलवान असेल असा एखादा सोबती तिला हवा.

झाशीत हे महिने कोणते, ते सर्वांना ठाऊक आहे. शहर साधारण साडेपंचवीस अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून सुमारे २८५ मीटर उंचीवर, बुंदेलखंडाच्या ग्रॅनाइटी पठारावर वसले आहे. मे महिन्यात तापमान ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याहूनही वर जाते; पश्चिमेकडून लू वाहते; तापलेला दगड व सिमेंट रात्रीही उष्णता सोडीत राहतात. पाऊस वर्षाला सरासरी ८५० ते ९०० मिलिमीटर, आणि त्याचा फार मोठा भाग जुलै ते सप्टेंबर ह्या काळात पडून जातो. जानेवारीच्या काही रात्री तापमान पाच-सहा अंशांपर्यंत उतरते. मेणबेगोनियाला १५ ते २५ अंश तापमान मानवते, ३५ च्या पुढे तिची वाढ खुंटते आणि कोरड्या वाऱ्यात तिची मांसल खोडे आतले पाणी झपाट्याने गमावतात. म्हणजे ऑक्टोबर ते मार्च हे तिचे सुखाचे सहा महिने, आणि एप्रिल ते जून हे परीक्षेचे तीन. जुलै ते सप्टेंबर ह्या काळात उष्णता कमी होते पण मुळे कुजण्याचा धोका वाढतो.

मातीविषयीही दोन शब्द. बुंदेलखंडातील शेतकरी आपल्या जमिनीला चार नावांनी ओळखतो: लाल रंगाच्या राकड आणि पडवा, काळ्या काबर आणि मार. राकड भरड व उथळ असते, पाणी धरीत नाही. मार चिकट असते, भिजली की सोडीत नाही आणि वाळली की भेगाळते. बेगोनियाला ह्या टोकांपैकी कोणतेच चालत नाही. अंगणात पडव्याची माती असेल तर दोन भाग मातीत एक भाग चांगले कुजलेले पानांचे खत व एक भाग भरड वाळू मिसळल्याने काम भागते. काळी माती असेल तर तिच्यात सुधारणा करण्याच्या फंदात न पडता विटांचा वीतभर उंच वाफा बांधून तो वेगळ्या मातीने भरावा. शेजाऱ्यांची निवड ही ह्या मिश्रणाला मानवणाऱ्या झाडांतूनच करावयाची असते, हे अनेकदा विसरले जाते.

आता मुख्य प्रश्न: उन्हाळ्यात पहारा देईल असा शेजारी कोणता? स्वाभाविकपणे मोठ्या झाडांचा विचार प्रथम सुचतो. परंतु येथे एक फसवणूक आहे. बहावा सुंदर झाड आहे, पण मे महिन्यात तो पाने टाकून फुलतो. नेमकी सावली हवी तेव्हा त्याच्याकडे ती नसते. पळसाचेही फाल्गुनात तेच. पारिजातक उन्हाळ्यात विरळ होतो. कडुनिंब मात्र वसंतात नवी पालवी धरतो आणि मेपर्यंत दाट होतो. त्याच्या पूर्वेकडील छायेत, म्हणजे दुपारनंतर सावली मिळेल अशा जागी, कुंड्या ठेवाव्यात. लिंबाची सावली वर्षभर टिकते, पण लिंबाची अन्न घेणारी मुळे अगदी वरच्या थरात असतात. तेथे खणून बेगोनिया लावली तर दोन्ही झाडे दुखावतात. लिंबाखाली ठेवावयाची असेल तर बेगोनिया कुंडीतच असावी, आणि कुंडी विटेवर असावी, नाहीतर लिंबाची मुळे कुंडीच्या छिद्रातून आत येतात. निलगिरीच्या किंवा मेंदी-ड्युरांटाच्या कुंपणाच्या पायथ्याशी काहीही नाजूक लावू नये. कुंपणाची मुळे वाफ्यातील पाणी अशा वेगाने ओढतात की रोज पाणी घालूनही बेगोनिया तहानलेलीच राहते, आणि मालक पाणी वाढवीत जातो.

प्रेमनगरसारख्या वस्तीत बहुतेक घरांपुढे मोठ्या झाडाला जागाच नसते. दारापुढची दोन-तीन मीटर रुंदीची पट्टी, एक कठडा, मागे धुण्या-भांड्यांची मोरी एवढ्यावर बाग करावयाची असते. अशा जागेसाठी सर्वांत उपयोगी शेजारी म्हणजे कर्दळ. तिला कोणी विशेष मान देत नाही. रेल्वे फलाटांच्या कडेला आणि सरकारी कार्यालयांसमोर ती इतकी दिसते की डोळे तिच्याकडे दुर्लक्ष करतात. परंतु तिचे वेळापत्रक बेगोनियाच्या नेमके उलट आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिचे कोंब वर येतात, एप्रिलअखेर ती पुरुषभर उंचीची होते, रुंद पानांची दाट भिंत उभी करते आणि पावसाळाभर फुलत राहते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत ती मंदावते. त्या वेळी तिला जमिनीलगत कापून टाकण्याचीच पद्धत आहे. म्हणजे बेगोनियाला हिवाळ्यात कोवळे ऊन हवे असते तेव्हा कर्दळ वाटेतून दूर झालेली असते, आणि बेगोनियाला आडोसा हवा असतो तेव्हा ती उभी असते. ही भिंत वाफ्याच्या पश्चिमेस असावी, कारण दुपारचे ऊन आणि लू दोन्ही तिकडूनच येतात.

कर्दळीचा दुसरा गुण पाण्यासंबंधी आहे आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. झाशीत पाणी ही चैनीची वस्तू नाही. शहराची भिस्त मोठ्या प्रमाणावर बेतवेवरील माताटीला धरणाच्या पाण्यावर आहे, आणि उन्हाळ्यात अनेक वस्त्यांतून नळाला पाणी थोडा वेळच येते. मे महिन्यात उघड्या पाण्याचे बाष्पीभवन दिवसाला १० मिलिमीटरहून अधिक होते. एका चौरस मीटरवर १० मिलिमीटर म्हणजे १० लिटर. चार चौरस मीटरचा उघडा वाफा हिरवा ठेवावयाचा तर रोज तीन बादल्यांच्या आसपास पाणी लागेल. ज्या घरात पिण्याचे पाणी भरण्यासाठी पहाटे उठावे लागते त्या घराने फुलांवर एवढे पाणी घालावे, असे कोणीही म्हणू शकणार नाही. आणि त्या घरातील ज्या व्यक्तीला हे पाणी भरावे लागते, ती बहुधा बागेचे कौतुक ऐकणारी व्यक्ती नसते. येथे कर्दळ उपयोगी पडते. भांडी विसळल्याचे, कपडे खळबळल्याचे शेवटचे पाणी तिला चालते. साबणाच्या पाण्याने बेगोनियाची मुळे बिघडतात, पण कर्दळीचे गड्डे ते पचवितात. तेव्हा मोरीचे पाणी चर काढून कर्दळीकडे न्यावे, कर्दळीने त्यातून सावली व गारवा निर्माण करावा, आणि त्या गारव्यात ठेवलेल्या बेगोनियाला स्वच्छ पाणी तांब्याने मोजून द्यावे. अशा आडोशात एकमेकींना लागून ठेवलेल्या दहा-बारा कुंड्यांना उघड्या वाफ्याच्या मानाने फारच थोडे पाणी पुरते.

एक काळजी मात्र घ्यावी लागते. कर्दळीचे गड्डे पसरतात. कर्दळ व बेगोनिया ह्यांच्यामध्ये हातभर अंतर असावे आणि मध्ये विटा उभ्या गाडून आड घालावी, नाहीतर दोन वर्षांत बेगोनियाचा वाफा कर्दळीचा होतो आणि साबणाचे पाणीही तेथवर पोहोचते.

काही लोक केळीची शिफारस करतात. केळ गारवा देते हे खरे. पण झाशीच्या वाऱ्यात तिची पाने चिरून त्यांच्या दोऱ्या होतात, आणि तिची भूक मोठी असते. मोरीजवळ एखादी असावी, तीवर भिस्त ठेवू नये.

सावलीचा प्रश्न असा सुटला की पायाशी काय लावावे, हे पाहावयाचे. सह्याद्रीतील शेवाळाने जे काम केले ते येथे कोणीतरी केले पाहिजे. म्हणजे माती झाकली पाहिजे, पण मुळांशी झगडता कामा नये. हिवाळी वाफ्यासाठी पांढरे अ‍ॅलिसम हे ह्या दृष्टीने चांगले. ते पसरट व उथळ मुळांचे असून ऑक्टोबरात पेरले की डिसेंबरपासून फुलते. ते कडेला, उन्हाच्या बाजूस असावे, कारण त्याला बेगोनियापेक्षा थोडे कमी पाणी चालते. निळी लोबेलिया बेगोनियाइतकीच पाण्याची व गारव्याची भोक्ती आहे आणि तिच्यासारखीच मार्चनंतर टिकत नाही. गुलाबी बेगोनियाजवळ तिचा निळा रंग फार खुलतो. पॅन्सीही चालते. पिटुनिया मात्र दूर ठेवावी. ती ऊन मागते, पसरते, आणि फेब्रुवारीत बेगोनियावर चढून बसते. नॅस्टर्शियमचा स्वभावही असाच दांडगा आहे. रुपेरी पानांचे सिनेरारिया चित्रांत बेगोनियाशेजारी हमखास दाखविलेले असते. ते दिसते छान, पण त्याला कोरडी माती हवी. उंच वाफ्याच्या अगदी कडेवर, जेथे पाणी लवकर निथळते तेथे, दोघांची तडजोड होते. मध्यभागी एकाला मानविले तर दुसरे बिघडते.

पानांसाठी लावावयाच्या झाडांत क्लोरोफायटम आणि ओफिओपोगॉन ह्यांचा उल्लेख केला पाहिजे. त्यांची लांब, अरुंद पाने बेगोनियाच्या गोलसर पानांशी चांगला विरोध साधतात, आणि दोन्ही झाशीचा उन्हाळा सावलीत निभावून नेतात. कोलियस रंगीत असला तरी जानेवारीच्या थंडीत तो बेगोनियाच्याही आधी मरगळतो. त्याची जागा पावसाळ्यात. नेच्यांपैकी बागेतला नेहमीचा नेफ्रोलेपिस धावत्या तंतूंनी पसरतो. तो स्वतंत्र कुंडीतच असावा आणि ती कुंडी बेगोनियाच्या कुंड्यांच्या घोळक्यात ठेवावी. त्याच्या पानांतून निघणारी वाफ सर्वांनाच उपयोगी पडते. हंसराज मात्र बुंदेलखंडाचाच रहिवासी आहे. जुन्या विहिरींच्या व बावड्यांच्या आतल्या भिंतींत, जेथे ऊन पोहोचत नाही आणि दगड सदैव ओला असतो, तेथे तो वाढलेला दिसतो. सह्याद्रीत बेगोनियाबरोबर नांदणारे हे नेच्याचे घराणे झाशीच्या विहिरीतही आहे, ही गोष्ट बागकाम करणाऱ्याला बरेच काही सांगून जाते. बाहेर ४५ अंश तापमान असताना विहिरीच्या आतील गारवा हंसराजाला जगवितो. अंगणातही अशी एखादी जागा असते. पाण्याचे माठ जेथे ठेवतात त्या घडवंचीखालची जमीन मेमध्येही ओलसर राहते. तेथे हंसराजाची एक कुंडी व बेगोनियाच्या दोन कुंड्या ठेवल्या तर माठांतून पाझरणारे पाणीच त्यांचा निम्मा भार उचलते.

कूलरच्या शेजारची जागाही अनेकांना सुचते, आणि ती वाईट नाही. परंतु कूलरच्या टाकीतील पाणी सतत आटत असल्याने त्यातील क्षारांचे प्रमाण वाढत जाते. टाकीवर जमणारा पांढरा थर त्याचीच साक्ष देतो. त्यातून ठिबकणारे पाणी बेगोनियाच्या कुंडीत पडू देऊ नये. गारवा घ्यावा, ठिबक कर्दळीला द्यावी. रेक्स बेगोनिया ठेवण्याचा हट्टच असेल तर अशाच एखाद्या कोपऱ्यात, नेच्यांच्या मधोमध तिला ठेवावे आणि तिच्या पानांवर पाणी शिंपडू नये. बांबूसारख्या पेरांच्या खोडाची उंच बेगोनिया त्यामानाने काटक असते. तिची ओळख झाशीत अधिक व्हावयास हवी.

काही शेजारी उपयोगी पडतात ते स्वतः निघून गेल्यानंतर. मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी हा बेगोनियाचा मोठा शत्रू आहे. पाणी असूनही रोप दुपारी मान टाकते, वाढ खुंटते, आणि उपटून पाहिले तर मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसतात. तेरडा आणि कोलियस ह्यांनाही हाच उपद्रव होतो. त्यामुळे पावसाळ्यात ज्या वाफ्यात तेरडा होता त्याच वाफ्यात ऑक्टोबरात बेगोनिया लावणे म्हणजे शत्रूला जेवण वाढून ठेवणे होय. त्याऐवजी त्या वाफ्यात जुलैपासून दाट झेंडू लावावा. झेंडूच्या मुळांतील काही द्रव्ये ह्या सूत्रकृमींना मारक असतात. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बेगोनियाच्या वाफ्यात झेंडूचे एखादे रोप खोचल्याने काही साधत नाही. संपूर्ण वाफा दोन-तीन महिने झेंडूने भरलेला असला तरच परिणाम दिसतो. दसऱ्याला फुले तोरणात जातात, दिवाळीपूर्वी झाडे उपटून वाफा मोकळा होतो, आणि बेगोनियाची वेळ आलेलीच असते. झाशीतील मराठी घरांतून दसऱ्याचा झेंडू अंगणात असतोच. त्याची जागा दरवर्षी बदलून ती बेगोनियाच्या वाफ्याशी जुळविणे एवढेच करावयाचे. तुळशीवृंदावनाच्या पायथ्याशी बेगोनिया लावण्याची काही घरांतील हौस मात्र बरी नव्हे. तुळशीला ऊन हवे, बेगोनियाला नको. आणि वृंदावनाच्या तापलेल्या दगडाशेजारी उथळ मुळे भाजून निघतात.

दाटीविषयीही सावध राहिले पाहिजे. शेजारी हवेत म्हणून वाफा खच्चून भरला की हवा खेळत नाही. फेब्रुवारीत पानांवर भुरीचे पांढरे ठिपके उमटतात आणि पावसाळ्यात खोड जमिनीलगत कुजते. मेणबेगोनियाच्या दोन रोपांत २० ते २५ सेंटिमीटर अंतर असावे आणि शेजारी ह्या मोकळ्या जागेत घुसू लागले की त्यांचे शेंडे खुडावेत. पाणी सकाळी, बुडाशी द्यावे.

मार्चच्या आरंभी, झाडे पूर्ण बहरात असतानाच, पुढच्या वर्षाची तयारी करावी लागते. बुडाशी फुटलेले, फूल न धरलेले कोवळे कोंब बोटभर लांबीचे कापून वाळू व पानांच्या खताच्या मिश्रणात खोचले तर दोन-तीन आठवड्यांत मुळे धरतात. जुन्या, फुलून थकलेल्या झाडांपेक्षा ही लहान रोपे उन्हाळा अधिक चांगला काढतात, कारण त्यांना पाने थोडी व पाण्याची गरज कमी असते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या कुंड्या कर्दळीच्या पूर्वेस किंवा घडवंचीखाली न्याव्यात, कळ्या दिसल्या की खुडून टाकाव्यात, आणि जूनअखेरपर्यंत खत मुळीच देऊ नये. सर्व जगतील असे नाही. दहांपैकी चार-पाच जगली तरी पुरे आहेत. पहिल्या पावसानंतर कुंड्या छपराच्या कडेला, पागोळीखाली येणार नाहीत अशा ठेवाव्यात. सप्टेंबरमध्ये त्यांना नवे फुटवे येतात, आणि त्या फुटव्यांची छाटकलमे ऑक्टोबरच्या वाफ्यासाठी तयार होतात. डिसेंबरमध्ये कर्दळ कापली की तिची पाने बारीक चिरून ह्याच वाफ्यात दोन बोटांच्या थराने पसरावीत, मात्र बेगोनियाच्या खोडाला ती टेकू देऊ नयेत.